टीम पुण्याची, मालक कोलकात्याचा, माल आपल्या अंगावर
खेळाच्या जर्सीचा धंदा करणाऱ्या दुकानदार व टेलर बांधवांसाठी

२०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. अड्याळच्या आसपासच्या बांधींमध्ये रोवणी करणाऱ्या काही बायांच्या अंगात लुगड्यावरून जांभळ्या रंगाच्या जर्सी दिसू लागल्या होत्या. छातीवर क्रिकेटच्या पुणे टीमचे नाव, पाठीवर नंबर. येणारे-जाणारे हसत होते. मला मात्र हसू येत नव्हते, कारण त्या जर्सी माझ्याच दुकानातून गेल्या होत्या. दीडशे रुपये नगाने घेतलेले बहात्तर नग मी शेवटी चाळीस-पन्नास रुपयांना काढले. दहा हजार आठशे रुपये गुंतले होते, हाती साडेतीन हजारही आले नाहीत. ज्याचे दुकान लहान आहे त्याला असा फटका किती दिवस पुरतो, हे व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको.

चूक कोणाची, तर माझीच. २१ मे २०१७ रोजी हैदराबादला आयपीएलची फायनल झाली. पुण्याची टीम मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरली. मी ती मॅच रात्री जागून पाहिली आणि मनाशी म्हटले, पुढच्या वर्षी ही टीम जिंकणार. माझ्यातला शौकीन जागा झाला आणि दुकानदार झोपला. दिवाळीच्या सुमारास नागपूरला गेलो असता तो लॉट स्वस्तात मिळाला, उचलून आणला. स्वस्तात का मिळाला, हा प्रश्न काही मला पडला नाही. पुढच्या हंगामात ती टीमच नव्हती. ती दोनच वर्षांसाठी काढलेली टीम होती, आणि ही बातमी २०१५ सालीच सगळ्या पेपरांत छापून आली होती. मी ती वाचलीही होती.

या ठोकरेनंतर मी हा विषय जरा खोलात जाऊन समजून घेतला. आज आपल्या बिरादरीतले कितीतरी लोक रेडिमेडच्या, शिलाईच्या, छपाईच्या कामात आहेत. क्रिकेट आणि कबड्डीच्या हंगामात जर्सी हा हमखास खपणारा माल झाला आहे. म्हणून ही माहिती देत आहे.

फ्रँचायझी म्हणजे तेंदूपत्त्याचा ठेका

टीव्हीवर आपण म्हणतो, मुंबईची टीम, पुण्याची टीम, चेन्नईची टीम. व्यवहारात ती त्या शहराची नसते. क्रिकेट बोर्डाने एका कंपनीला काही रक्कम घेऊन त्या शहराच्या नावाने टीम चालवण्याचा हक्क दिलेला असतो. त्याला फ्रँचायझी म्हणतात. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तेंदूपत्त्याचे युनिट लिलावात निघते. ठेकेदार कुठला का असेना, ज्याची बोली त्याचा हंगाम. जंगल आपल्या गावाचे, पत्ता तोडणारे हात आपल्या गावाचे, फळी आपल्या गावात. पण पुडक्यांवर हक्क ठेकेदाराचा. तो ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी फळीवर कोणी नसते. टीमचेही असेच आहे. शहर म्हणजे युनिट, मालक म्हणजे ठेकेदार. फरक इतकाच, की टीमचे नाव, चिन्ह आणि डिझाइन हेही सहसा मालकाच्या नावावर नोंदलेले असते. तो गेला की नावही घेऊन जातो.

पुण्याचेच पाहा. २०१० साली सहारा कंपनीने ३७ कोटी डॉलरना, म्हणजे त्या वेळचे सुमारे सतराशे कोटी रुपये बोलून पुण्याची टीम घेतली. नाव पुणे वॉरियर्स. पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, या पुण्याच्या टीमचे घरचे सामने झाले नवी मुंबईत, कारण पुण्याजवळचे गहुंज्याचे मैदान तयार नव्हते. २०१२ व २०१३ असे दोन हंगाम ती गहुंज्याला खेळली. पुढे फी आणि बँक हमीवरून बोर्डाशी वाद झाला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बोर्डाने करार रद्द केला. टीम संपली. तिकडे केरळात कोची टस्कर्स नावाची टीम २०११ चा एकच हंगाम खेळली आणि बँक हमीच्याच कारणावरून गेली. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सने तर २००९ साली स्पर्धा जिंकली होती, तरी २०१२ मध्ये तिचा करार संपला. त्या जागी दुसऱ्या कंपनीने दरसाल ८५ कोटी रुपयांच्या बोलीने हैदराबादची टीम घेतली आणि तिचे नाव ठेवले सनरायझर्स. शहर तेच, मैदान तेच, पण नाव, रंग, चिन्ह सगळे नवे. ज्याच्या दुकानात चार्जर्सचा माल उरला असेल त्याने काय केले असेल, ते मला आता समजते.

पुण्याची दुसरी टीम कशी आली तेही ऐकण्यासारखे आहे. सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान या दोन टीम २०१५ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित झाल्या. रिकाम्या जागी दोन वर्षांपुरत्या दोन टीम हव्या होत्या. त्यासाठी डिसेंबर २०१५ मध्ये उलटा लिलाव झाला. म्हणजे जो बोर्डाकडून कमीत कमी पैसे मागेल त्याला टीम. कोलकात्याच्या गोएंका समूहाने शून्याच्याही खाली जाऊन, उलट आम्हीच दरसाल १६ कोटी देतो, असे सांगितले आणि पुणे निवडले. दुसऱ्या कंपनीने १० कोटी देऊन राजकोट घेतले. निवडीच्या यादीत आपले नागपूरही होते, पण ते कोणी घेतले नाही. पुण्याच्या टीमचे नाव रायझिंग पुणे सुपरजायंट्स. दुसऱ्या वर्षी नावातला शेवटचा 'स' काढून सुपरजायंट केले. तेवढ्यानेही २०१६ चा छापील माल जुना ठरला! २०१८ मध्ये चेन्नई व राजस्थान परत आल्या आणि पुण्याचा कारभार आटोपला. याच गोएंका समूहाने २०२१ मध्ये ७,०९० कोटींना लखनौची टीम घेतली आणि तिला नाव दिले लखनौ सुपर जायंट्स. नाव पुण्याहून लखनौला गेले. माझ्या बहात्तर जर्सी अड्याळलाच राहिल्या.

नागपूरला आलेल्या आणि न आलेल्या टीम

आपल्या भागाचा अनुभवही असाच आहे. २०१० मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादला सामने घेणे कठीण झाले, म्हणून डेक्कन चार्जर्सचे काही 'घरचे' सामने नागपूरच्या जामठा मैदानावर झाले. काही कटकला, काही नवी मुंबईत. मी एक सामना पाहायला गेलो होतो. समोर चेन्नई. माझ्या आसपास बसलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोक धोनीसाठी ओरडत होते. घरची टीम कोणती आणि पाहुणी कोणती, हे ओळखणे कठीण होते. बाहेर झेंडे, टोप्या विकणाऱ्या पोरांना मात्र हे बरोबर ठाऊक होते. त्यांच्याकडे पिवळा माल जास्त होता. त्या दिवशी मी त्या पोरांकडून शिकलो असतो तर पुढे जांभळा लॉट घेतला नसता.

२०१६ मध्ये पंजाबच्या टीमने आपले तीन घरचे सामने नागपूरला ठेवले होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मैदानावर लाखो लिटर पाणी का ओतायचे, असा अर्ज मुंबई हायकोर्टात झाला आणि १३ एप्रिल २०१६ रोजी कोर्टाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मुंबई आणि पुणे, दोन्ही टीमनी उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला नेले. नागपूरचे सामने मोहालीला गेले. मुंबईत ठरलेली फायनल बंगळूरूला झाली. कोर्टाचा निर्णय माझ्या मते योग्यच होता. माणसाला प्यायला पाणी नसताना गवताला पाणी घालणे शोभत नाही. पण धंद्याच्या नजरेने पाहिले तर, सामने नागपूरला होणार म्हणून ज्यांनी एप्रिलमध्येच लाल माल भरून ठेवला असेल त्यांचे पंधरा दिवसांत गणित बिघडले.

चेन्नईचेही २०१८ मध्ये तसेच झाले. दोन वर्षांनी टीम घरी परतली, एक सामना झाला, आणि कावेरीच्या पाण्याच्या आंदोलनामुळे बाकीचे घरचे सामने पुण्याला हलवावे लागले. चाहत्यांना चेन्नईहून पुण्याला आणायला खास रेल्वेगाडी निघाली होती. पुण्यात ज्या मैदानावर वर्षापूर्वी जांभळा रंग होता तिथे पिवळा पसरला. त्या वर्षी चेन्नईनेच स्पर्धा जिंकली. पाण्यावरून दोनदा टीम हलल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. घरचे मैदान ही गोष्ट किती कच्ची आहे, ते यावरून कळते.

महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा कोल्हापूर, रत्नागिरी, सोलापूर, नाशिक अशा नावांच्या टीम होत्या, पण पहिल्या वर्षी सगळे सामने गहुंज्यालाच झाले. कोल्हापूरच्या टीमच्या नावात टस्कर्स होते. कोचीचे मेलेले नाव कोल्हापूरला पुन्हा उगवले. कबड्डीच्या प्रो लीगमध्येही काही हंगाम दोन-तीन शहरांतच उरकले गेले. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने पहिल्यांदा कप जिंकला तो हैदराबादला. कप्तान होता आपल्या अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्या रात्री आमच्या चौकात फटाके फुटले. पुण्याशी आमचा काय संबंध? काही नाही. पोरगा आपल्या मातीतला खेळ खेळतो आणि आपल्यासारख्या घरातून आला आहे, एवढाच. माझ्या पाहण्यात तरी लोक शहरापेक्षा खेळाडूसाठी जर्सी घेतात. आणि खेळाडू तर दर लिलावात इकडून तिकडे जातो.

अमेरिकेत टीम रातोरात उठतात

आपल्याकडे टीम बंद पडते; अमेरिकेत ती सरळ सामानासह दुसऱ्या गावी जाते. १९८४ च्या मार्च महिन्यात बाल्टिमोर शहराची कोल्ट्स नावाची फुटबॉल टीम रात्रीच्या अंधारात ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेली. सकाळी लोक उठले तर ऑफिस रिकामे. पुढे याच बाल्टिमोरने १९९६ मध्ये क्लीव्हलँडची टीम ओढून आणली. पण क्लीव्हलँडच्या लोकांनी आणि नगरपालिकेने कोर्टकचेरी करून एक गोष्ट मिळवली: मालक, खेळाडू जाऊ देत, पण ब्राउन्स हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि जुना इतिहास क्लीव्हलँडलाच राहील. तीन वर्षे शहराला टीम नव्हती. १९९९ मध्ये नवी टीम आली ती त्याच नावाने, त्याच रंगात. तिथल्या दुकानदाराचा जुना माल तीन वर्षांनी पुन्हा चालू झाला असेल. माझ्या माहितीतली, नाव आणि रंग गावाने राखल्याची ही सर्वांत मोठी गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला गंमत वाटेल अशी. मिनियापोलिस शहराच्या बास्केटबॉल टीमचे नाव लेकर्स, म्हणजे तलाववाले, कारण त्या राज्यात हजारो तलाव आहेत. १९६० मध्ये मालकाने टीम लॉस एंजेलिसला नेली. तिथे तसे तलाव नाहीत, पण नाव तेच राहिले आणि आज जगभर त्याच नावाने पिवळी-जांभळी जर्सी विकली जाते. म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या टीमचे नाव 'तलाववाले' ठेवावे आणि ती उद्या जैसलमेरला जावी, असा प्रकार!

इंग्लंडमध्ये लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी रडत न बसता त्याच वर्षी स्वतःच वर्गणी करून नवा क्लब काढला, अगदी खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या मोहल्ल्यात नवे मैदान बांधून परत आले. त्या क्लबचे मालक चाहतेच आहेत. तो क्लब रातोरात ट्रकात भरून कोणी नेऊ शकत नाही.

रंग आणि छातीवरचे नाव

आता मालाकडे येऊ. टीम जागेवर राहिली तरी जर्सी जागेवर राहत नाही. राजस्थान निळ्यातून २०१९ मध्ये गुलाबी झाला. कोलकाता काळ्यातून जांभळा झाला. दिल्ली डेअरडेव्हिल्सचे नाव डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली कॅपिटल्स झाले. किंग्ज इलेव्हन पंजाब २०२१ मध्ये पंजाब किंग्ज. बंगळूरूने २०२४ मध्ये नावातले स्पेलिंग बदलले आणि जर्सीत लालबरोबर निळा आणला. माझ्या आवडीचे म्हणाल तर चेन्नईचा पिवळा आणि मुंबईचा निळा हे दोन रंग शौकीन माणसाच्या डोळ्यांत बसले आहेत, कारण ते २००८ पासून हलले नाहीत. राजस्थानचा गुलाबी दिसायला चांगला आहे, जयपूरला शोभतोही, पण आमच्या गावात पोरे घेत नाहीत.

भारताच्या टीमचा निळा रंग कायम आहे, पण छातीवरचे नाव पाहा. २००१ पासून सहारा, २०१४ पासून स्टार, २०१७ पासून ओप्पो, २०१९ पासून बायजूज, २०२३ पासून ड्रीम इलेव्हन. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हनचे नाव एका फटक्यात उतरले. सप्टेंबरच्या आशिया कपमध्ये भारताची टीम छातीवर कोणत्याही कंपनीचे नाव न घेता खेळली. त्याच महिन्यात अपोलो टायर्सशी करार झाला. शिवाय जर्सी बनवणारी कंपनीही वेगळीच. ती २०२० ते २०२३ या तीन वर्षांत तीनदा बदलली. तेव्हा दुकानात निळा माल ठेवायचाच तर ज्यावर फक्त देशाचे नाव आहे तो ठेवावा. तो शिळा होत नाही. कंपनीच्या नावाचा माल हंगाम सुरू झाल्यावर, थोडा थोडा, आणि शक्य तर परत घेण्याच्या बोलीवर आणावा. स्पर्धा संपताना मिळणारा स्वस्त लॉट कधीही उचलू नये. ठोक व्यापारी तो का काढतो आहे, हे आधी विचारावे.

नकली मालाची जोखीम

एक गोष्ट मी सुरुवातीला सांगितली नाही. माझा तो लॉट अस्सल नव्हता. दीडशे रुपयांत अस्सल येणार कुठून? टीमचे चिन्ह छापण्याचा परवाना कंपनी विकत देते आणि त्याची किंमत मालावर चढते. बाजारात जो स्वस्त माल फिरतो तो बहुतेक बिनपरवाना असतो.

१९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यात कलम १०३ व १०४ आहेत. दुसऱ्याचे नोंदलेले चिन्ह खोटे लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. छापणारा आणि विकणारा दोघेही यात येतात. टेलरमास्तरांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण पोरे मोबाइलवर चित्र आणून देतात आणि म्हणतात, मास्तर, हेच छापून द्या. विकणाऱ्याला कायद्याने एक वाट ठेवली आहे: माल नकली आहे असा संशय येण्याचे कारण नव्हते, योग्य ती काळजी घेतली होती, आणि तो कोणाकडून घेतला हे विचारल्यावर सांगितले, असे दाखवता आले तर सुटका होऊ शकते. त्यासाठी पक्के बिल हवे. कच्च्या चिठ्ठीवर आणलेल्या मालाला कोणी वाली नसतो. माझ्याकडे चिठ्ठीच होती. नुकसान पैशावर भागले हे माझे नशीब. आणि कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणे हा सरळ व्यवहार नव्हे, हे मला तेव्हाही समजायला हवे होते.

साध्या पिवळ्या किंवा निळ्या टी-शर्टवर, ज्यावर टीमचे नाव नाही, चिन्ह नाही, तिथे सहसा अडचण येत नाही. जत्रेत, बाजारात मी आता असाच माल ठेवतो. पोरांना रंग हवा असतो. पाठीवर स्वतःचे नाव टाकून दिले तर अधिकच खूश होतात.

गावाची टीम गाव सोडत नाही

माझा तोटा ज्या कामाने भरून निघाला ते काम आमच्या गल्लीतल्या बुजुर्ग टेलरमास्तरांनी दाखवले. ते म्हणाले, "बाबू, मालकाचं नाव विकू नको. गावाचं नाव शिव."

धान निघाले की आमच्या भागात गावोगाव रात्रीचे कबड्डीचे सामने लागतात. शंकरपट, मंडई, नाटक यांचाही हाच हंगाम. प्रत्येक मंडळाला जर्सी हवी असते. कबड्डीत सात खेळणारे आणि पाच राखीव, म्हणजे बारा नग, शिवाय कोच-मॅनेजरचे दोन. क्रिकेटची टीम असेल तर पंधरा-सोळा. रक्कम एका ऑर्डरमागे लहान, पण पैसा आगाऊ मिळतो आणि माल अंगावर पडत नाही. छातीवर मंडळाचे नाव, खाली गावाचे. पाठीवर किराणा दुकान किंवा हार्डवेअरवाल्याचे नाव. अर्धा खर्च तो देतो.

ज्यांना हे काम नवीन आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. छपाईच्या दोन पद्धती आहेत. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणून एकाच डिझाइनचे जास्त नग असतील तेव्हाच ती परवडते. दुसरी सबलिमेशन. यात डिझाइन आधी खास कागदावर छापतात आणि सुमारे दोनशे अंश उष्णतेच्या प्रेसमध्ये कापडावर दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. रंग हाताला लागत नाही, धुऊन जात नाही, आणि प्रत्येक नगावर वेगळे नाव-नंबर टाकता येतो. पण ही पद्धत पॉलिएस्टरवरच चालते आणि कापड पांढरे किंवा अगदी फिके लागते. सुती कापडावर ती टिकत नाही. प्रेस आपल्याकडे नसेल तर नागपूरहून छापलेले भाग आणून घरी शिवता येतात. बऱ्याच ठिकाणी असेच चालते. त्यात मजुरी आपल्या गावात राहते.

कबड्डीची जर्सी क्रिकेटसारखी शिवू नये. नियमाने कपड्याला धरून पकड होत नाही, पण झटापटीत हात जातोच. खांदा आणि बगल उसवते. कॉलर नको, बटन नको, अंगालगत मापाची, ताण देणारे कापड, ओव्हरलॉक आणि वरून दुसरी टीप. एकदा एका टीमची तीन जर्सी पहिल्याच सामन्यात फाटली, तेव्हापासून मी बगलेला जोड देतो. नंबर छातीवर आणि पाठीवर, दोन्हीकडे, लांबून वाचता येईल असा.

नावांची यादी कप्तानाच्या हातची, सहीसकट घ्यावी. तोंडी ऐकून छापले की एखाद्या 'शेख'चा 'शेष' होतो आणि नवा नग फुकट द्यावा लागतो. अर्धी रक्कम आधी, उरलेली माल देताना. सामना जिंकल्यावर बक्षिसातून देतो, असे पोरे म्हणतात. बक्षीस एकालाच मिळते आणि उधारी आठ टीमची राहते.

आता कोणी म्हणेल, गावाची टीम तरी कुठे कायम असते? खरे आहे. मागे एका मंडळाचा कप्तान यादी घेऊन आला. दोन दिवसांनी त्याच मंडळाचा दुसरा कप्तान आला. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "टीम फुटली ना जी. पण नाव आम्हालाच पायजे, रंगबी तोच." पहिलाही तेच म्हणत होता. क्लीव्हलँडचा तंटा आमच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसला. मी मध्ये पडलो नाही. मास्तरांनी दोघांना चहा पाजला आणि तोडगा काढला: नाव दोघांचेही तेच, एकाच्या खाली वरचा मोहल्ला, दुसऱ्याच्या खाली खालचा मोहल्ला, रंग एकच, पट्टी वेगळी. चोवीस जर्सी गेल्या. दोन्ही टीम त्या मोसमात समोरासमोर आल्या तेव्हा पंचांना ओळखता येईना, म्हणून एका टीमने ऐनवेळी बनियनवर खेळून घेतले. तेव्हापासून मी प्रत्येक मंडळाचा रंग, पट्टी आणि मापे एका रजिस्टरात लिहून ठेवतो, आणि शेजारच्या गावाने तोच रंग मागितला तर आधीच सांगतो.

त्या रजिस्टरात आज अड्याळ आणि आसपासच्या गावांची सव्वीस नावे आहेत. यंदा दिवाळीच्या आधी कापड घ्यायचे आहे. पांढरे किती आणि ताणाचे किती, त्याचा हिशेब मास्तर करत आहेत.